डावीकडे रायगड, उजवीकडे जंजिरा

विमानात खिडकीची जागा मागणारे पुष्कळ असतात; कोणत्या बाजूची खिडकी, हे विचारणारे फार थोडे. जागा निवडताना मोबाइलच्या पडद्यावर ए ते एफ अशी अक्षरं येतात. त्यातलं ए म्हणजे डावी खिडकी आणि एफ म्हणजे उजवी. बोट पडेल तिथे आपण बसतो. मग अर्ध्या वाटेवर पलीकडच्या बाजूच्या माना वळतात, कुणीतरी शेजाऱ्याला ‘अरे, तो बघ’ म्हणतं आणि आपल्या वाट्याला नुसतं पांढुरकं आकाश येतं.

सांताक्रूझच्या विमानतळावरून वर्षानुवर्षं ये-जा करणारे लोक निदान ठोकताळे तरी सांगतात. उलव्याच्या नव्या विमानतळावर असे जुनेजाणते अजून तयार व्हायचेत. नवी मुंबईच्या या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि प्रवासी वाहतूक २५ डिसेंबरला सुरू झाली. पहिलं विमान बेंगळुरूहून आलं, पहिलं उड्डाण हैदराबादला गेलं. तेव्हा इथला हिशोब ज्याचा त्याने मांडायचा. त्याला शाळेतला भूगोल आणि हातात एक नकाशा एवढं पुरतं.

सुरुवात धावपट्टीपासून करू. तिच्या दोन टोकांना ०८ आणि २६ असे आकडे आहेत. त्यांच्यापुढे शून्य लावलं की होकायंत्राचे अंश मिळतात: ८० अंश म्हणजे जवळजवळ पूर्व, २६० अंश म्हणजे जवळजवळ पश्चिम. म्हणजे ३,७०० मीटर लांबीची ही पट्टी पूर्व-पश्चिम पडलेली आहे. पूर्वेच्या टोकाला पनवेल, त्यामागे प्रबळगड, कलावंतीण आणि माथेरानची भिंत. पश्चिमेला उलवे, खाडी, आणि ती रेषा नकाशावर तशीच पुढे ओढली तर घारापुरीचा आसपास. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी अशी विभागणी एवढी स्वच्छ असलेले विमानतळ आपल्याकडे फार नाहीत.

विमान कोणत्या टोकाकडे धावणार, हे वारा ठरवतो. उडताना आणि उतरताना वारा समोरून हवा असतो. पाचवी-सहावीत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. त्यांचा उपयोग परीक्षेनंतर इथे होतो. दिवसा जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा येतो, म्हणून दुपारनंतर विमानाचं तोंड बहुधा पश्चिमेकडे असणार. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तोच कौल देतो. हिवाळ्यातल्या पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; तेव्हा उलटी दिशा मिळण्याचा संभव. वारा पडलेलाच असेल तर नियंत्रण कक्ष आपल्या सोयीने ठरवतो, त्यावर आपला इलाज नाही.

पश्चिमेकडे उडालात तर उजव्या खिडकीत पनवेल खाडीपलीकडचं बेलापूर, सीवूड्स, नेरुळ. डाव्या खिडकीत उलव्याच्या इमारती, त्यांच्यापलीकडे अटल सेतूचं चिर्ल्याकडे उतरणारं टोक आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन. मी डावी बाजू सांगेन, कारण या एका चौकटीत तीन काळ एकमेकांना चिकटून दिसतात. तिवरांमधून वाट काढणारे खाडीचे फाटे वेडेवाकडे. माणसाने बांध घालून केलेली खाजणं आणि मिठागरं ओबडधोबड चौकोनी. आणि सिडकोचे सेक्टर मात्र पट्टीने आखलेले. पाण्याची जी रेषा संशय यावा इतकी सरळ दिसेल, ती माणसाने फिरवलेली समजावी. विमानतळासाठी उलवे नदीचं पात्र वळवलं आणि सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे अशी दहा गावं इथून उठली. चाकं जमीन सोडतात तेव्हा खाली जे सपाट दिसतं, तिथे घरं, भाताची खाचरं आणि देवळं होती. खिडकीतून ती दिसत नाहीत. पण काय दिसत नाही, हे माहीत असलेला माणूस खिडकीतून जास्त बघतो.

आता खरा मुद्दा. ‘हे विमान रायगडावरून जातं का?’ असं लोक विचारतात. जात असेल तर वाईटच, कारण ज्याच्या डोक्यावरून आपण जातो ते आपल्याला दिसत नाही. विमानाची भिंत गोल, खिडकी बारकी आणि खोल बसवलेली. कपाळ काचेला लावलं तरी नजर फार तर ४५ अंशांपर्यंत खाली जाते. म्हणजे विमान १० किलोमीटर उंचीवर असेल तर खालचा दोन्ही बाजूंचा जवळजवळ १० किलोमीटरचा पट्टा पोटाखाली झाकलेला. उलट क्षितिज त्या उंचीवरून ३५० किलोमीटरवर असतं, पण हवेतल्या धुरळ्यामुळे तिथपर्यंत काही कळत नाही. कामाची जमीन असते ती मार्गापासून साधारण १० ते ४० किलोमीटर बाजूची. विमान वळतं तेव्हाच काय तो अपवाद: डावीकडे वळताना डावा पंख झुकतो, डावीकडच्यांना थेट खालची जमीन दिसते आणि उजवीकडच्यांना आकाश.

या नियमाने नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर गोव्याचा मार्ग सोनं आहे. उलव्याहून गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढा. ही रेघ कोकणाच्या जवळजवळ मधून जाते, समुद्र एका हाताला आणि सह्याद्री दुसऱ्या हाताला ठेवून. दक्षिणेला तोंड असल्यामुळे डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. उड्डाणानंतर दहा-बारा मिनिटांत डाव्या हाताला सुमारे २० किलोमीटरवर रायगड येतो आणि त्याच सुमाराला उजव्या हाताला सुमारे २८ किलोमीटरवर मुरुड-जंजिरा. दोघे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. राजधानी आणि मराठ्यांना कधीच न मिळालेला तो जलदुर्ग, यांच्यात हवेतून जेमतेम ५० किलोमीटरचं अंतर. पुस्तकात वाचताना हे दोन वेगळे मुलूख वाटतात. इथे ते एकाच विमानाच्या दोन खिडक्या आहेत.

पुढे डावीकडे प्रतापगड आणि महाबळेश्वरचं पठार, मग कोयनेचा शिवसागर: लांबट, बोटं पसरलेला, डोंगरांच्या मागे लपलेला. उजवीकडे बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, अशा एकामागून एक खाड्या वळणं घेत समुद्राला मिळताना दिसतात. मधे कातळाचे सडे. पावसाळ्यानंतर ते हिरवे असतात, डिसेंबरात गवत वाळून पिवळे पडतात, आणि एप्रिलमध्ये उघडा तांबडा-काळा जांभा. आंब्याच्या बागा त्यांच्या कडेने गडद ठिपक्यांसारख्या.

मग बसायचं कुठे? इथे सूर्याला विचारावं लागतं. सूर्य ज्या बाजूला, त्या बाजूची काच झळाळते, पाणी चांदीसारखं चकाकतं आणि बाकी सगळं राखाडी होतं. सूर्य पाठीमागे असला की समोरच्या जमिनीवर ऊन पडतं, रंग खरे दिसतात. सकाळी मोपाला निघालात तर सूर्य डावीकडे. सह्याद्रीचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत, म्हणजे सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात. त्यामुळे सकाळी उजवी खिडकी घ्या: खाड्या, किनारा, वाळूच्या पुळणी, सगळं उजेडात. संध्याकाळी परत या, तेव्हा विमान उत्तरेला चाललेलं असतं आणि सूर्य समुद्रावर. आता उजवीकडे सह्याद्री, आणि उतरतं ऊन नेमकं त्याच्या कड्यांवर. बेसाल्टचे थर एकावर एक, आडव्या रेघा ओढल्यासारखे दिसतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर मोजता येतील इतके स्पष्ट. थोडक्यात, सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्याने दोन्ही वेळा एफ घ्यावं. ‘जाताना डावी तर येताना उजवी’ हा लोकांचा आवडता नियम इथे उपयोगाचा नाही, कारण तो फक्त जमिनीचा विचार करतो, उजेडाचा करत नाही.

सूर्यास्तासाठी हटून समुद्राकडची बाजू घेणारेही भेटतात. घ्यावी, पण मग जमिनीची आशा सोडावी.

अर्थात नकाशावरची सरळ रेघ आणि आकाशातला ठरलेला मार्ग एकच नसतात. दहा-वीस किलोमीटरचा फरक सहज पडतो. कधी विमान समुद्रावरूनही नेतात, मग मात्र डावी खिडकीच खरी. आपलं विमान गेले दोन-चार दिवस कुठून गेलं ते फ्लाइटरडारसारख्या अॅपवर दिसतं. जागेचे जादा पैसे मोजण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

सूर्य पाठीशी ठेवून बसण्याचा आणखी एक लाभ आहे आणि त्याचं मराठी माणसाला वेगळं कौतुक असायला हवं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसणारं इंद्रवज्र गिर्यारोहकांना ठाऊक असतं: दरीतल्या ढगावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं. विल्यम साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या लेखात त्याचं वर्णन केलं. तो लेख १८३५ साली छापला गेला. तेच इंद्रवज्र विमानातून पुष्कळदा, आणि पाय न दुखवता, दिसतं. अट एवढीच की सूर्य पलीकडच्या बाजूला हवा आणि खाली ढगांचा सपाट थर. ढगावर विमानाची सावली शोधा. ती लांब गेली असेल तर सावली दिसत नाही, पण कडं दिसतं. ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश आला त्या दिशेने परत फिरतो आणि वाटेत रंग वेगळे होतात.

ढग जवळ असतील तर एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. विमानाची सावली मोठी पडलेली असते आणि कड्याचा मध्यबिंदू तिच्या बरोबर मधे नसतो. तुम्ही पुढे बसला असाल तर तो सावलीच्या नाकाकडे सरकलेला, मागे बसला असाल तर शेपटाकडे. कारण प्रत्येकाचं इंद्रवज्र त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुरतं असतं. चौथ्या रांगेतल्या माणसाचं कडं आणि पंचविसाव्या रांगेतल्याचं कडं ही दोन वेगळी कडी आहेत.

नागपूरचा मार्ग गोव्याइतका देखणा नाही, पण मला तो अभ्यासाला जास्त आवडतो, कारण त्यात झाकलेल्या पट्ट्याचा नियम फार चांगला कळतो. उलव्याहून नागपूरला सरळ रेघ ओढली तर सुरुवातीला डावीकडे, साधारण १५ किलोमीटरवर, हरिश्चंद्रगड. त्याच्याही मागे कळसूबाईची रांग. पुढे छत्रपती संभाजीनगर जवळजवळ थेट पोटाखाली जातं. एवढं मोठं शहर, आणि खिडकीतल्या प्रवाशाला त्याच्या कडाच तेवढ्या दिसतात. मात्र देवगिरी आणि वेरूळ डाव्या बाजूला पुरेसे लांब आहेत, आणि पैठणचा नाथसागर उजव्या बाजूला.

मग अर्धा प्रवास सरल्यावर थोड्याच वेळात उजव्या खिडकीत लोणार. रेघेपासून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे दिसायला अगदी योग्य जागी. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. त्या अंतरावरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या सातपट रुंद दिसायला हवं, तिरकस नजरेमुळे थोडं चपटं. आजूबाजूला शेतांचे चौकोन आणि मधेच एक गोल. निसर्गात एवढा नीट गोल क्वचितच सापडतो, त्यामुळे ओळखायला चुकत नाही. कडेची झाडी गडद, मधलं पाणी हिरवट. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, त्याचे फोटो सगळीकडे फिरले होते. विमान मिनिटाला १३ किलोमीटरच्या आसपास जातं, त्यामुळे हा सगळा प्रयोग तीन-चार मिनिटांत आटोपतो. त्या वेळी चहा सांगू नये.

अडचण एकच. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे नागपूरला जाताना उजवीकडेच. लोणारचं पाणी मग आरशासारखं चमकतं. मला ती अडचण वाटत नाही. चमकलं की सापडायला सोपं. पण फोटो हवा असेल तर सूर्य डोक्यावर असतानाचं विमान बघा. फोटोसाठी अजून दोन गोष्टी. खिडकीला तीन थर असतात. बाहेरचा हवेचा दाब पेलतो, आतला आपल्या नखांपासून बाकीच्यांना वाचवतो, आणि मधल्याला तळाशी टाचणीएवढं भोक असतं. त्या भोकाभोवती उंचावर बर्फाचे काटे धरतात, ते टाळून कॅमेरा धरावा. दुसरं म्हणजे पोलराइज्ड गॉगल काढून ठेवावा, नाहीतर काचेवर नसलेले रंगीत पट्टे दिसतात. पुण्याहून निघालात तर मात्र कॅमेरा पिशवीतच राहू द्या. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तिथे फोटोला मनाई असते.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पावसाने हवा धुतलेली असते, गवत अजून हिरवं आणि धरणं भरलेली. जानेवारीत उलव्याच्या वर हजार-दीड हजार मीटरवर तपकिरी धुरक्याचा थर दिसतो, त्याची वरची कड चाकूने कापल्यासारखी सरळ. थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असं झालं की धूळ-धूर वर जाऊ शकत नाही, म्हणून तो तिथे अडतो. जुलैत कोकण ढगाखाली गेलेलं असतं, पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की ढग विरत जातात आणि पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, ते पाठ न करता समजतं.

बाजू ठरली की रांग. ए३२० जातीच्या विमानात साधारण नवव्यापासून विसाव्या रांगेपर्यंत पंख किंवा इंजिन आड येतं. पहिल्या सात-आठ रांगा उत्तम, पण त्या महाग. बाविसाव्या रांगेच्या मागे जागा स्वस्त आणि दृश्य मोकळं. फक्त इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे मागे पाहताना चित्र थरथरतं. एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो आणि ते उडतंही कमी उंचीवरून. ते मिळालं तर रांगेचा विचारच करू नका, कुठेही बसा. बोइंग ७३७ मध्ये जरा सावध राहावं: पंखाच्या थोडं पुढे डाव्या बाजूला एखाद्या रांगेत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, कारण तिच्या आतून वातानुकूलनाची नळी वर जाते. अशाच बिनखिडकीच्या ‘खिडकी’वरून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर प्रवाशांनी दावे लावले.

आणि शेवटच्या क्षणी पंखावरचीच जागा मिळाली, तरी ती वाया जात नाही. पावसाळ्यात उतरताना हवा दमट असते. पंखाच्या पाठीवर दाब एकदम कमी झाला की तिथल्या तिथे धुक्याची चादर उमटते आणि नाहीशी होते. धावपट्टी जवळ आली की पंखाच्या मागच्या कडेने फ्लॅप टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतात, पंख जवळजवळ सव्वापट रुंद झाल्यासारखा वाटतो. आणि चाकं टेकताक्षणी पंखावरच्या फळ्या एकदम उभ्या राहतात. त्या उचलून धरणारी हवा मोडतात, म्हणजे विमानाचं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक लागतात. हे पाहायचं तर अठरा ते वीस या रांगांतली खिडकी सगळ्यात चांगली, आणि त्यासाठी डावी-उजवी दोन्ही सारखीच.